हिंदुराव निकमांची किल्ली

“भाऊजी, यांना आता आणखी द्यायचं न्हाई,” मी म्हणाले, आणि परमिट रूममधल्या सगळ्या गप्पा थांबल्या.

दत्तू वेटर ट्रे घेऊन होता तिथेच उभा राहिला. ट्रेमधला भरलेला ग्लास हिंदुराव निकमांसाठी होता. हिंदुराव म्हणजे माझे होऊ घातलेले व्याही. त्याच आठवड्यात माझ्या उज्ज्वलाचा त्यांच्या अमरसिंहाशी साखरपुडा होता आणि आम्ही दोन्ही घरचे त्या दिवशी बस्ता बांधायला विट्यात जमलो होतो. बायका कापडदुकानाच्या गादीवर बसून साड्यांच्या घड्या मोडत होत्या. पुरुषांनी दोन-चार साड्यांना मान हलवली, जांभया दिल्या आणि माझ्या दिराच्या, सर्जेराव भाऊजींच्या मागे मागे आमच्या हॉटेलात येऊन बसले.

आमच्या म्हणजे माझ्या. निदान दारावरची पाटी तरी तसं सांगत होती.

हॉटेल माणगंगा विट्याबाहेर मायणी रोडवर आहे. पुढे खाणावळ, मागे परमिट रूम. माझे मिस्टर गेले तेव्हा दारूविक्रीचा परवाना वारस म्हणून माझ्या नावावर झाला. भाऊजी म्हणाले, “वहिनी, तुम्ही नुसत्या सह्या करा, बाकीचं मी बघतो.” आणि त्यांनी बघितलंही, खोटं कशाला बोलू. मी घरात बसून सह्या करायची आणि माझं नाव बाहेर रस्त्यावर उभं असायचं. परवानाधारकाचं नाव दाराशी लावायचं असा नियमच आहे. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात ‘श्रीमती वत्सला रंगराव साळुंखे’. त्या रस्त्याने जाताना मी मान दुसरीकडे वळवायची. पण वरातीच्या, यात्रेच्या, शाळेच्या सहलींच्या गाड्या माझं नाव वाचतच पुढे जायच्या. भिशीतल्या बायका मला बघून हसायच्या. “वत्सलाबाई, काल आमचे हे तुमच्याकडंच होते बरं का!” मीही हसून घ्यायची. काय करणार?

हसण्यावारी नेता येत नव्हतं ते उज्ज्वलाचं लग्न. पोरगी दिसायला चांगली, शिकलेली. बघायला आलेली माणसं चहापोहे खाऊन खूश होऊन जायची. मग त्यांच्यातलं कुणीतरी कामानिमित्त मायणी रोडने जायचं, पाटी वाचायचं, आणि निरोप यायचा की मुलाला इतक्यात लग्न करायचं नाही. असं किती वेळा झालं ते मोजायचं मी सोडून दिलं होतं. उज्ज्वला एकदा म्हणाली, “आई, त्या पाटीवर तुझ्या नावाखाली माझंही लिहून टाक, म्हंजे यायचेच न्हाईत कुणी. पोह्यांचा खर्च तरी वाचंल.”

आणि मग निकम आले. घाटापलीकडचं बागायतदार घराणं. मुलगा कोइमतूरला गलाईच्या धंद्यात. सोनं-चांदी गाळायचा हा धंदा आमच्याकडची निम्मी पोरं करतात आणि कुठे कुठे जाऊन राहतात. मी मनाची तयारी करून पाटीचं आधीच सांगून टाकलं. हिंदुराव मोठ्याने हसले. म्हणाले, “आमच्यात असलं काय बघत न्हाईत. धंदा हाय, चोरी न्हवं.” त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली. इतक्या मोठ्या मनाची माणसं माझ्या पोरीच्या नशिबात आहेत, याचं मला रडू आलं होतं.

आता मी त्या खोलीत काय करत होते, ते सांगते. त्याच उन्हाळ्यात परवान्याच्या नूतनीकरणाआधी उत्पादन शुल्क खात्याचे दुय्यम निरीक्षक तपासणीला आले होते. तांबोळी नावाचे, उंच, शांत बोलणारे. परवानाधारक समोर हवी म्हणून त्यांनी हट्ट धरला. मी डोक्यावर पदर घेऊन पहिल्यांदा त्या खोलीत पाऊल टाकलं. तांबोळींनी वाढणाऱ्या माणसांचे नोकरनामे मागितले. कोणत्या नोकराला दारू वाढायची परवानगी आहे त्याचा तो कागद, हेही मला तेव्हाच कळलं. मग त्यांनी विचारलं, “प्यालेल्या माणसाला आणखी द्यायचं नाही, ही अट इथं कुणाला माहीत आहे?”

भाऊजी म्हणाले, “साहेब, प्यालेल्याला द्यायचं न्हाई तर मग काय कीर्तनाला आलेल्याला द्यायचं?”

तांबोळींनाही हसू आलं. पण ते माझ्याकडे वळून म्हणाले, “बाई, उद्या इथून उठलेला माणूस कुणाच्या अंगावर गाडी घालील. तेव्हा नोटीस यांना येणार नाही. पाटीवरच्या नावाला येईल.”

अटींचा कागद मी घरी नेला आणि चष्मा लावून सगळा वाचला. किती वाजता बंद करायचं, कोणत्या दिवशी उघडायचं नाही, किती वयाच्या खाली द्यायचं नाही, सगळं. इतकी वर्षं मी कशावर सह्या करत होते ते वाचून माझी झोप उडाली. त्यानंतर मी रोज दुपारी येऊन काउंटरमागच्या खुर्चीत बसायला लागले. गिऱ्हाईकं बिचकली. दत्तू तर पहिले काही दिवस माझ्यासमोरून ट्रे नेताना ग्लासांवर रुमाल टाकायचा, जसा काही देवाचा नैवेद्यच. हळूहळू सगळ्यांना सवय झाली. भाऊजींना झाली नाही.

बस्त्याच्या दिवशी मी दुकानातच होते. फेट्यांचा रंग ठरवायचा राहिला होता आणि पुरुषांचा पत्ता नव्हता. विहीणबाई, शालन त्यांचं नाव, हातातल्या साडीचा काठ बोटांनी चाचपत म्हणाल्या, “तुम्हीच जावा बलवायला. मी गेले तर येत न्हाईत.” मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. नवरे कुठे बायकांचं ऐकतात, असं म्हणून मी रिक्षा केली.

हॉटेलात येऊन बघते तर हिंदुरावांचा फेटा टेबलावर, जीपची किल्ली फेट्याशेजारी, आणि स्वतः हिंदुराव एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतायत. मधेच ते उठले तेव्हा त्यांनी टेबल घट्ट धरलं. ही जीप अजून घाट ओलांडून न्यायची होती. मागे त्यांच्या घरच्या सगळ्या बायका, मांड्यांवर बस्त्याचे गठ्ठे, आणि शालनबाईंच्या जावेचं तान्हं पोर. मी दत्तूच्या ट्रेकडे बघितलं आणि तोंडातून ते वाक्य गेलं.

भाऊजी माझ्याजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाले, “वहिनी, व्याही हायत ते. मान हाय त्यांचा.”

“मान हाय म्हणूनच सांगते. ताक द्या, जेवायला वाढा. हे न्हाई.”

“तुमचं नाव नुसतं कागदावर हाय. कशाला मधी पडताय?”

“मग कागद बोलतोय असं समजा.”

हिंदुराव अजून हसत होते. “विहीणबाई चेष्टा करायला लागल्यात. आण रं दत्तू हिकडं.”

दत्तूने माझ्याकडे बघितलं, भाऊजींकडे बघितलं. मी विचारलं, “दत्तू, तुझा नोकरनामा कुणाच्या परवान्यावर हाय?”

“तुमच्या, वैनी.”

“मग ग्लास आत ने.”

तो गेला. हिंदुरावांचं हसू गेलं. “म्या काय फुकट मागतोय व्हय? पैसं टाकतो.”

“पैशाचं न्हाई, दाजी. तुम्ही प्यालाय. प्यालेल्या माणसाला आणखी द्यायचं न्हाई, अशी अट हाय माझ्या परवान्याला.”

“प्यालोय? मी?” त्यांनी सगळ्या टेबलांकडे वळून बघितलं. “ऐकलं का? व्याह्याला अट सांगती! पोरगी आमच्या घरात द्यायची हाय का न्हाई?”

पोरीचं नाव निघालं तेव्हा वाटलं, दत्तूला हाक मारावी, एका ग्लासाने काय होतंय. तेवढ्यात हिंदुरावांचा हात किल्लीकडे गेला आणि त्यांच्याआधी माझा हात पोचला. कसा पोचला मला सांगता येणार नाही. मी किल्ली उचलली आणि कनवटीला खोचली. अटींच्या कागदात किल्लीविषयी एक अक्षरही नव्हतं.

कोपऱ्यातल्या खुर्चीतून अमरसिंह उठला. गोरा, नीटनेटका मुलगा, हातात कोल्ड्रिंकचा उंच ग्लास. “मामी, द्या मला. मी चालवतो. मी न्हाई घेतलेली,” तो म्हणाला आणि ग्लास थोडा वर धरून दाखवला. काळं, फेसाळ कोल्ड्रिंक. माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, देवानेच वाट दाखवली. बापाचा राग पोरगं निस्तरतंय. मी किल्ली अर्धी बाहेर काढलीसुद्धा.

“माझ्या गाडीला पोरानं हात लावायचा न्हाई!” हिंदुराव ओरडले. “मी जित्ता हाय अजून!”

अमरसिंह मुकाट्याने खाली बसला. मी किल्ली पुन्हा आत ढकलली. हिंदुरावांनी फेटा उचलून काखेत मारला. दारातून बाहेर पडताना पाटीकडे बोट दाखवून म्हणाले, “लगीन मोडलं म्हणून समजा!” रस्त्यावर येऊन त्यांनी भाड्याने माणसं भरणारी वडापची जीप थांबवली आणि माणसांच्या दाटीत कसेबसे शिरले. मागून अमरसिंहही चढला.

दुकानात येऊन मी बायकांना सगळं सांगितलं. शालनबाईंनी एकच विचारलं, “किल्ली कुठाय?”

“माझ्यापाशी.”

त्यांनी मान हलवली आणि समोरच्या साड्यांच्या घड्या घालायला घेतल्या. दुकानातल्या माणसाचं काम ते, पण त्या घालत राहिल्या. मी त्या सगळ्यांना गठ्ठ्यांसकट एसटीत बसवून दिलं. उज्ज्वलाचा शालू मात्र आमच्याकडेच राहिला.

घरी आल्यावर उज्ज्वला रडली नाही, त्याचंच मला जास्त लागलं. शालूचा खोका मांडीवर घेऊन म्हणाली, “एक ग्लास दिला असतास तर काय झालं असतं?”

खरंच काय झालं असतं? हिंदुराव आयुष्यभर तसेच गाडी चालवत आले असणार. घाट पाठ असणार त्यांना. बहुतेक काहीच झालं नसतं. सगळ्या बायका घरी पोचून दिवेलागणीला बस्ता उघडून बसल्या असत्या आणि माझ्या पोरीचं लग्न झालं असतं. मी न झालेल्या अपघातासाठी ठरलेलं लग्न मोडलं होतं. भाऊजी येऊन म्हणाले, “सकाळी दोघं जाऊ. किल्ली देऊ, नारळ ठेवू, माफी मागू. मोठी माणसं हायत, ऐकतील.” मी हो म्हणाले. मनापासून हो म्हणाले. पोरीसाठी मी त्यांच्या पायाही पडले असते.

सकाळी नारळ, खण आणि किल्ली पिशवीत घालून मी हॉटेलावर गेले. भाऊजी गाडी घेऊन तिथेच येणार होते. बघते तर शालनबाई दारात उभ्या राहून माझी पाटी वाचत होत्या. थोडं लांब एक पोरगेलासा माणूस कालपासून तिथेच राहिलेल्या त्यांच्या जीपला टेकून उभा होता.

“पुतण्याला घेऊन पहिल्या एसटीनं आले, गाडी न्यायला,” त्या म्हणाल्या. “आत येऊ का?”

खाणावळ उघडली होती, पण त्या थांबल्या नाहीत. सरळ मागे परमिट रूममध्ये गेल्या. खुर्च्या अजून टेबलांवर पालथ्या होत्या. त्यांनी विचारलं, “हे कुठं बसले हुते?” मी दाखवलं. त्यांनी ती खुर्ची उतरवली आणि तिच्यावर बसल्या. खोलीकडे वरखाली बघून घेतलं.

“तुम्ही न्हाई म्हणाला, तवा काय केलं त्यांनी?”

“चिडले. लगीन मोडलं म्हणाले.”

“मारलं न्हाई?”

“छे! मला कशाला मारतील?”

शालनबाईंनी पदर ओढून दंड झाकून घेतला. तेव्हा मला कळलं आणि मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

मग त्यांनी विचारलं, “अमरच्या ग्लासात काय हुतं?”

“कोल्ड्रिंक.”

“रंग बघितला तुम्ही. वास घेतला न्हाई.”

पंचवीस वर्षांखालच्या माणसाला दारू द्यायची नाही, हे त्याच कागदावर होतं. अमरसिंह तेवीसचा. त्याची पत्रिका मी स्वतः ज्योतिषाकडे नेली होती, जन्मतारीख मला तोंडपाठ होती. बापाला अट सांगताना पोराकडे मी जावई म्हणून बघत राहिले.

“मी किल्ली त्याला देणार हुते,” मी म्हणाले.

“ठावं हाय. त्यानंच सांगितलं घरी येऊन. हसत हुता.” त्यांनी पदराने टेबलावरचा पाण्याचा डाग पुसला. “वत्सलाबाई, तुमचं स्थळ आमच्यात कसं ठरलं ठावं हाय का? तुम्हाला वाटलं असंल माणसं मोठ्या मनाची हायत. हे ह्या रस्त्यानं जाताना पाटी वाचून आले आणि म्हणाले, अमरला बायकू बघितली. पोरगी कशी हाय, शिकल्याली हाय का न्हाई, काय विचारलं न्हाई. म्हणाले, आता प्यायला दुसऱ्याच्या दारात जायाला नको, आपलंच दार झालं. बापलेक दोघंबी हसले.”

म्हणजे इतकी स्थळं ज्या पाटीमुळे परत गेली, त्याच पाटीमुळे हे आलं होतं. आणि मी देवापुढे साखर ठेवली होती!

“काल दुकानात तुम्ही सांगितलंसा, किल्ली माझ्यापाशी हाय,” शालनबाई म्हणाल्या. “इतक्या वर्सांत त्यांना न्हाई म्हणणारं माणूस मी बघितलं न्हवतं. लग्नात, जत्रंत, पाव्हण्यांत, जाईल तिथं माणसं म्हणत्यात, आणखी घ्या. आणि मग त्यांच्यासंगं घरी जायाचं ते मला.” त्यांचा आवाज तोपर्यंत सरळ होता, तो आता हलला. “पोरगी देऊ नका.”

सून घरात येणार होती ती यांच्याच हाताखाली. कामाला, बोलायला, वाटून घ्यायला एक माणूस मिळणार होतं त्यांना.

“घरी काय सांगाल?” मी विचारलं.

“सांगीन, त्या बाईनं किल्ली दिली, पोरगी दिली न्हाई. तुमच्यावरच घालीन. चाललं न्हवं?”

“चाललं.”

मी पिशवीतून किल्ली काढून दिली. त्यांनी ती पदराच्या टोकाला बांधली आणि उठल्या. पिशवीत नारळ आणि खण तसेच होते, माफीसाठी आणलेले. विधवेने ओटी भरू नये म्हणतात. मी भरली. त्या टेबलाशेजारी उभं राहून भरली, आणि त्यांनी नको म्हटलं नाही. पदर पुढे धरताना त्यांचे डोळे भरून आले होते, आणि माझेही.

भाऊजी आले तोपर्यंत जीप गेली होती. मी म्हणाले, “आपल्याला कुठं जायाचं न्हाई. लगीन मी मोडलंय.” त्यांनी बराच वेळ माझ्याशी वाद घातला. उज्ज्वला तर कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलत नव्हती. शालनबाईंचं नाव मी दोघांनाही तेव्हा सांगितलं नाही. गोष्ट घाटापलीकडे जायला वेळ लागत नाही.

या सगळ्याला आता खूप वर्षं झाली. उज्ज्वलाचं लग्न उशिरा झालं आणि चांगलं झालं. जावई पहिल्यांदा आला तेव्हा पाटी वाचून म्हणाला, अक्षरं फिकी झालीत, रंगवून घ्यायला पाहिजेत. त्यानेच माणूस आणून रंगवून दिली. अमरसिंहाचं लग्न मात्र त्याच वर्षी दुसरीकडे होऊन गेलं होतं. त्या मुलीच्या आईकडे सकाळच्या एसटीने कुणी गेलं होतं का, गेलं असेल तर तिने ऐकलं नाही का, हे मी शालनबाईंना अजून विचारलेलं नाही. विचारायचं धाडस होत नाही.

त्या मात्र दरवर्षी यात्रेला जाताना आमच्या दारात एसटीतून उतरतात. आता गुडघे दुखतात, तरी उतरतात. दत्तूही म्हातारा झालाय. तो खाणावळीतून ओरडतो, “वैनी, विहीणबाई आल्यात!” आमचं नातं कधी लागलंच नाही, पण त्याला दुसरा शब्द सापडलेला नाही आणि मलाही नाही. शालनबाई मागच्या खोलीत येतात, तीच खुर्ची ओढून बसतात, चहा बशीत ओततात आणि विचारतात,

“सांगा, ह्या वर्सी कुणाकुणाला न्हाई म्हणाला?”

मी एकेक सांगत जाते. त्या चहा निवू देतात आणि सगळं ऐकून घेतात.